स्वस्त आणि कोवळी बर्बन कशी चाखावी, कशी जोखावी : नवख्यांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेत नव्याने आलेला मराठी माणूस लिकर स्टोअरमध्ये बर्बनच्या, म्हणजे मुख्यतः मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीच्या, फळ्यांसमोर उभा राहतो आणि गोंधळतो. नाव ओळखीचं म्हणून जॅक डॅनियल्स उचलतो, तर ती बर्बन म्हणून नव्हे, टेनेसी व्हिस्की म्हणून विकली जाते. नाहीतर ऑफिसातल्या कोणीतरी सुचवलेली साठ-सत्तर डॉलरची बाटली घेतो आणि घरी येऊन सवयीने त्यात सोडा ओततो. खालच्या फळीवरच्या वीस-पंचवीस डॉलरच्या बाटल्यांकडे मात्र 'स्वस्त म्हणजे भंगार' असं समजून कोणी बघत नाही.

माझं म्हणणं आहे की शिकायला याच बाटल्या सगळ्यांत चांगल्या. जास्त मुरलेल्या व्हिस्कीत लाकूड इतकं पुढे येतं की त्याखाली धान्य कुठलं, आंबवण कसं झालं, काही कळेनासं होतं. चार-पाच वर्षांच्या बर्बनमध्ये प्रत्येक वास कुठून आला ते बोट ठेवून सांगता येतं. तेवढं कळलं की ऐंशी डॉलरच्या बाटलीत आपण नेमके कशाचे पैसे देतो हेही समजू लागतं.

या लेखात एक फरक पुन्हा पुन्हा येईल: कोवळेपणा, म्हणजे पिंपात कमी काळ मुरल्याची खूण, वेगळा आणि दोष वेगळा. नवखा माणूस दोन्हींना एकाच नावाने हाक मारतो, "कडक आहे". हा फरक जिभेला कळावा यासाठी खालच्या सगळ्या पायऱ्या आहेत.

## १. आधी लेबल वाचा

चव घेण्याचं निम्मं काम दुकानातच होतं. अमेरिकेत बर्बनचे नियम कायद्याने ठरलेले आहेत आणि लेबलवरचा जवळजवळ प्रत्येक शब्द काहीतरी सांगतो.

बर्बन म्हणायला धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो. ती नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात ठेवावी लागते. पिंपात भरताना तिची अल्कोहोलची तीव्रता ६२.५ टक्क्यांच्या वर चालत नाही आणि बाटलीत ती ४० टक्क्यांच्या खाली येता कामा नये. १९६४ साली अमेरिकन काँग्रेसने बर्बनला अमेरिकेचं खास उत्पादन म्हणून मान्यता दिली, त्यामुळे ती अमेरिकेतच बनते. मात्र ती केंटकी राज्यातच बनली पाहिजे असा नियम नाही.

आता कामाचे शब्द.

स्ट्रेट बर्बन. किमान दोन वर्षं पिंपात राहिलेली, रंग किंवा स्वाद वरून न घातलेली. नवख्याने हा शब्द नसलेली बाटली घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वय. व्हिस्की चार वर्षांपेक्षा लहान असेल तर वय लेबलवर छापणं बंधनकारक असतं. म्हणजे 'स्ट्रेट' लिहिलंय आणि वय कुठेच दिसत नाही, तर ती किमान चार वर्षांची आहे असं धरायचं. छापलेलं वय बाटलीतल्या सर्वांत लहान व्हिस्कीचं असतं. हा मजकूर बऱ्याचदा मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत असतो. बाटली फिरवून बघा.

बॉटल्ड इन बाँड. हे १८९७ च्या कायद्यातून आलं. त्या काळी व्यापारी कच्च्या दारूत रंग आणि भलतेसलते पदार्थ मिसळून ती व्हिस्की म्हणून खपवत, त्याला आळा घालण्यासाठी सरकारने हमी दिली: एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षं ठेवलेली आणि बरोबर ५० टक्क्यांवर भरलेली. स्वस्त बर्बन निवडताना याइतका भरवशाचा शब्द दुसरा नाही.

प्रूफ. अमेरिकेत प्रूफचा आकडा अल्कोहोलच्या टक्क्यांच्या दुप्पट असतो. ८० प्रूफ म्हणजे ४० टक्के, १०० प्रूफ म्हणजे ५०.

कुठे गाळली. पत्ता एका राज्याचा आणि बारीक अक्षरांत 'इंडियानात गाळलेली' असं दिसलं तर दचकू नका. इंडियानातल्या लॉरेन्सबर्गची मोठी डिस्टिलरी अनेक ब्रँडना व्हिस्की पुरवते आणि तिथला माल चांगला असतो. फक्त आजोबांच्या गुप्त पाककृतीची गोष्ट लेबलवर छापली असेल, तर त्या गोष्टीचे जादा पैसे देऊ नका.

इथले सापळे तीन. पहिला, मध, सफरचंद, पीच अशा स्वादांच्या बाटल्या. त्यांवर ब्रँडचं नाव तेच असतं, पण आत गोड लिक्युअर मिसळलेलं असतं. दुसरा, 'ब्लेंडेड व्हिस्की'. अमेरिकेत या नावाखालच्या बाटलीत स्ट्रेट व्हिस्की वीस टक्के असली तरी चालते, उरलेलं बहुधा न मुरलेलं न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे जवळजवळ बिनचवीचं अल्कोहोल, असतं. तिसरा, 'स्मॉल बॅच'. या शब्दाला कायद्यात कुठलीही व्याख्या नाही.

सुरुवातीला कुठली घ्यावी? जिम बीमची पांढऱ्या लेबलची बाटली चार वर्षांची, ४० टक्क्यांची आणि सगळीकडे मिळणारी. एव्हन विल्यम्सची पांढऱ्या लेबलची बॉटल्ड इन बाँड ५० टक्क्यांची. एकच बाटली घ्यायची असेल तर मी हीच सांगेन. थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर मेकर्स मार्क, ४५ टक्के. तिच्यात राय (rye) या धान्याऐवजी गहू असतो, त्यामुळे पहिल्या दोघींशी तुलना करून धान्याचा फरक कळतो.

## २. काय काय लागेल

दुकानासाठी:

- वय दाखवणारं फोटो असलेलं ओळखपत्र. अमेरिकेत २१ पूर्ण लागतात. राज्याचं लायसन्स अजून मिळालं नसेल तर पासपोर्ट न्या. भारतीय लायसन्स किंवा आधार कार्ड काउंटरवर बहुधा चालत नाही. केस पांढरे झाले असले तरी ओळखपत्र मागतात, त्यात अपमान मानू नका.
- आपल्या राज्याचे नियम. व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया, युटा अशा काही राज्यांत कडक दारू सरकारी दुकानांतच मिळते. सुपरमार्केटात शोधत बसाल तर फार तर बिअर किंवा वाईन हाती लागेल.

घरासाठी:

- तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता ग्लास. ग्लेनकेर्न नावाचा व्हिस्कीचा खास ग्लास असेल तर उत्तम, नसेल तर वाईनचा लहान ग्लास चालतो. स्टीलचा पेला नको, रुंद तोंडाचा ग्लासही नको.
- खोलीच्या तापमानाचं साधं पाणी. नळाला क्लोरीनचा वास असेल तर गाळलेलं.
- ५ मिलिचा मोजायचा चमचा आणि पेग मोजायचं माप.
- पांढरा कागद, वही, पेन.
- मीठ-मसाला नसलेली बिस्किटं किंवा पावाचा तुकडा.
- थुंकायला एक कप. हा लाजायचा विषय नाही, धंद्यातले लोक असंच चाखतात.

चिवडा, शेव, मसाला शेंगदाणे आत्ता डब्यातच राहू द्या. चाखणं संपल्यावर ते बाहेर काढायला माझी काहीच हरकत नाही.

## ३. वेळ आणि जागा

घरात फोडणी पडलेली असेल, अगरबत्ती लावलेली असेल, अंगावर अत्तर असेल तर तो दिवस सोडून द्या. हिंग आणि लसूण तासभर तरी हवेतून हलत नाहीत. दात घासून लगेच बसू नका. सर्दी असताना तर अजिबात नको, कारण चवीचा मोठा भाग खरं म्हणजे वासच असतो.

जेवणाआधीची, पोट अगदी रिकामं नसलेली वेळ चांगली. एका बैठकीत दोन, फार तर तीन बर्बन, प्रत्येकी १५ ते २० मिलि. त्यापुढे नाक थकतं आणि नोंदी खोट्या होऊ लागतात. नंतर गाडी चालवायची असेल किंवा दारूशी न जुळणारं औषध चालू असेल तर बैठक पुढे ढकला.

## ४. रंग बघा, पण त्याला फार मान देऊ नका

ग्लास पांढऱ्या कागदासमोर धरा. स्ट्रेट बर्बनमध्ये रंग घालायला बंदी असल्यामुळे जो दिसतो तो लाकडाचाच. स्कॉचमध्ये कॅरमेलचा रंग घालायला परवानगी आहे, हे इथे लक्षात ठेवा. चार वर्षांची बर्बन साधारण मधाच्या किंवा फिक्या चहाच्या रंगाची असते. ५० टक्क्यांची ४० टक्क्यांपेक्षा गडद दिसते, कारण तिच्यात पाणी कमी घातलेलं असतं.

सावध करायला हवं ते अशा बाटलीबद्दल, जी दोन वर्षांची असूनही गडद तांबूस दिसते. नेहमीचं पिंप ५३ गॅलनचं, म्हणजे सुमारे २०० लिटरचं. काही नव्या, छोट्या डिस्टिलऱ्या त्यापेक्षा बरीच लहान पिंपं वापरतात. लहान पिंपात दारूच्या मानाने लाकडाचा पृष्ठभाग जास्त, म्हणून रंग आणि लाकडाची चव झपाट्याने उतरते. पण पिंपातून हवेशी होणारी सावकाश प्रक्रिया, जी कच्च्या दारूची धार घालवते, तिला वेळच लागतो. मग रंग म्हाताऱ्या व्हिस्कीचा आणि आत दारू मात्र कालचीच, अशी गत होते.

## ५. वास : इथे सर्वांत जास्त वेळ द्या

२० मिलि ओता आणि दहा मिनिटं हात लावू नका. कोवळ्या बर्बनला ही दहा मिनिटं फार उपयोगी पडतात. सगळ्यात आधी उडून जाणारे, नाकाला झोंबणारे वास निघून जातात. वाईनसारखा ग्लास गरागरा फिरवू नका, त्याने अल्कोहोलच वर येतं.

ग्लास आधी हनुवटीपाशी आणा, मग हळूहळू वर. ओठ किंचित उघडे ठेवा आणि नाकातोंडाने मिळून सावकाश श्वास घ्या. नाक ग्लासात खुपसून जोरात ओढलंत तर पुढची पाच मिनिटं काहीही कळणार नाही. एका नाकपुडीने, मग दुसऱ्या, असंही करून बघा.

आता प्रश्न, काय शोधायचं? इंग्रजी परीक्षणांतल्या बटरस्कॉच आणि ग्रॅहम क्रॅकरच्या मागे लागू नका. आपल्या नाकाला जे वास लहानपणापासून माहीत आहेत तेच नोंदवा. मी ते कुठून आले यावरून तीन गटांत बघतो.

धान्याचे वास. भाजलेलं कणीस, पॉपकॉर्न, मक्याच्या पिठाचा डबा उघडल्यावर येतो तो कोरडा वास. जिम बीममध्ये अनेकांना भाजलेले शेंगदाणे जाणवतात. राय हे धान्य जास्त असेल तर मिरी, पुदिना, कधी शेपूसारखा हिरवा वास. रायच्या जागी गहू असेल तर ताज्या पावाचा मऊपणा.

आंबवणाचे वास. पिकलेलं केळं, सफरचंद, पेअर. हे यीस्टचं काम. थोडे असले तर छान.

लाकडाचे वास. इथे पिंपाची गंमत आहे. ओकमधलं लिग्निन तापून फुटतं तेव्हा त्यातून व्हॅनिलिन सुटतं, व्हॅनिलात असतं तेच. ओकमधल्या लॅक्टोनमुळे ओल्या खोबऱ्याचा वास येतो. लवंगेत असलेलं युजेनॉल ओकमध्येही असतं. पिंप आतून जाळताना लाकडातल्या साखरा करपतात, त्यातून कॅरमेल आणि काकवी. बर्बनसाठी पिंप दर वेळी नवं असतं, म्हणून हे सगळं चार वर्षांतही भरपूर उतरतं. स्कॉच बहुतेक वेळा जुन्या, वापरलेल्या पिंपांत मुरते, तेव्हा 'चार वर्षांची स्कॉच कुणी पितं का' हा निकष बर्बनला लावू नका. शिवाय केंटकीतला उन्हाळा कडक. उष्णतेने दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत पुन्हा बाहेर येते.

हे वास तुम्ही आधीच घेतलेले असण्याची शक्यता आहे. गोव्यातली पॉल जॉन सिंगल माल्ट वापरलेल्या बर्बन पिंपांत मुरवतात. तिच्यातला व्हॅनिला आणि खोबरं आठवत असेल तर तुमची बर्बनच्या लाकडाशी ओळख झालेलीच आहे.

वहीत 'छान', 'कडक', 'स्मूद' असले शब्द लिहू नका. दोन महिन्यांनी वाचलंत तर त्यावरून काहीच आठवणार नाही. 'कणीस, नंतर खोबरं, शेवटी किंचित नेलपेंट' असं लिहा.

## ६. घोट

पहिला घोट जिभेला सवय व्हावी म्हणून. तो लहान घ्या, तोंडभर फिरवा, गिळा किंवा थुंका, आणि त्यावर कुठलंही मत बनवू नका. एक-दोन मिनिटं थांबा.

दुसऱ्या घोटाला घास चावल्यासारखं तोंड हलवा. जिम बीमच्या घराण्यातले बुकर नो असंच चाखत, आणि त्या पद्धतीला 'केंटकी च्यू' म्हणतात. तोंडातला प्रत्येक कोपरा ओला झाला पाहिजे. मग तीन गोष्टी क्रमाने बघा.

सुरुवात: बर्बन जिभेच्या टोकाला बहुधा गोड लागते. त्यात वरून घातलेली साखर नसते, तो गोडवा लाकडातून आणि धान्यातून जाणवणारा.

मधला भाग: कोवळ्या बर्बनची खरी परीक्षा इथे. गोडव्यानंतर काही येतं का, की एकदम पोकळ होऊन नुसती जळजळ उरते? चांगल्या चार वर्षांच्या बर्बनमध्ये इथे शेंगदाणे, दालचिनी, टोस्टचा करपट कडा असं काहीतरी हातात लागतं.

शेवट: गिळल्यावर मनात दहा अंक मोजा. चव पाचच्या आत गेली तर शेवट आखूड. स्वस्त बर्बनचा शेवट आखूड असणं चालतं. तो कडू किंवा रासायनिक असणं चालत नाही.

जळजळ कुठे होते तेही लिहा. छातीत ऊब वाटणं आणि घशात ओरखडा उठणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

## ७. पाणी, पण मोजून

बर्बनमध्ये पाणी घातलं की अपमान होतो, असं सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. पाण्याने काही वास वर येतात आणि अल्कोहोलची धार उतरते. फक्त डोळ्यांनी अंदाज घेऊन ओतू नका.

५० टक्क्यांची बर्बन २० मिलि घ्या. त्यात अर्धा चमचा, म्हणजे २.५ मिलि पाणी घातलं की ती साधारण ४४ टक्क्यांवर येते. आणखी अर्धा चमचा घातला, म्हणजे एकूण ५ मिलि झालं, की बरोबर ४० टक्के. म्हणजे एकाच ग्लासात तुम्हाला तीन तीव्रतांवर तीच व्हिस्की चाखता येते. बॉटल्ड इन बाँड घ्या म्हणून मी आग्रह धरतो त्याचं हेही एक कारण. ४० टक्क्यांच्या बाटलीत कंपनीने पाणी घालून झालेलं असतं. तुम्हाला खेळायला जागाच उरत नाही. तिच्यात दोन-चार थेंबांपेक्षा जास्त घालू नका.

एव्हन विल्यम्सवर हे करून बघा. 'नीट', म्हणजे काहीही न मिसळता, पुढे येतात मिरी आणि जळकं लाकूड. अर्ध्या चमच्यावर कॅरमेल उघडतं आणि मक्याचा गोडवा स्पष्ट होतो. पूर्ण चमच्यावर ती सैल पडू लागते, चव पातळ होते. माझ्या जिभेला अर्धा चमचा पटतो. तुमचा बिंदू वेगळा निघाला तर तो वहीत लिहून ठेवा.

बर्फ घातल्यावर एखादी बर्बन किंचित धूसर दिसली तर घाबरू नका. फार बारीक फिल्टर न केलेल्या व्हिस्कीतले मेदाम्ल आणि त्यांचे संयुग थंडीत गोठून तसं दिसतं. चाखताना मात्र बर्फ नकोच, थंडीने चांगलं आणि वाईट दोन्ही झाकलं जातं.

## ८. कोवळेपणा की दोष?

आता मुख्य मुद्दा. नोंदी समोर ठेवा आणि प्रत्येक खटकलेल्या गोष्टीला दोनपैकी एका रकान्यात टाका.

कोवळेपणाच्या रकान्यात जातात: कच्चा मका, पिठाचा वास, नुकत्या कापलेल्या लाकडाचा किंवा भुशाचा हिरवट वास, पुदिन्यासारखी झणझण, आखूड शेवट, जिभेच्या टोकावर थांबलेला साधा गोडवा. ही वयाची लक्षणं आहेत. व्हिस्की पिंपात आणखी राहिली असती तर यांतलं बरंच विरघळलं असतं. ही लक्षणं असलेली बर्बन पिण्यालायक असते, कधी कधी फार आवडूनही जाते. मला स्वतःला धान्य स्पष्ट कळणारी चार वर्षांची बर्बन लाकडाने कडवट झालेल्या बारा वर्षांच्या बर्बनपेक्षा प्रिय आहे.

दोषाच्या रकान्यात जातात: दहा मिनिटांनंतरही न उडणारा नेलपेंट रिमूव्हरचा वास, ओल्या पुठ्ठ्याचा, घामट, कुबट वास, उलटीसारखा आंबूस वास, जिभेवर साबणासारखा बुळबुळीतपणा, घशात अडकून राहणारा रासायनिक कडवटपणा. यांतले बरेच गाळताना सुरुवातीचा आणि शेवटचा भाग नीट वेगळा न केल्याने किंवा आंबवण बिघडल्याने येतात. पिंपात आणखी पाच वर्षं ठेवूनही ते पुरते जात नाहीत.

नेलपेंटबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण नवख्यांचा गोंधळ इथेच होतो. तो वास मुख्यतः एथिल अॅसिटेटचा. अगदी थोड्या प्रमाणात तो फळासारखा, पेअरसारखा भासतो आणि चांगल्या व्हिस्कीतही असतो. बाटली नुकती उघडली असेल तर पहिल्या ओतात तो जास्त येतो. म्हणून बाटली उघडल्या दिवशी निकाल देऊ नका. एक-दोन पेग काढून बाटलीतली पातळी तिच्या गळ्याखाली उतरू द्या, आठवडाभराने पुन्हा चाखा. तेव्हाही दहा मिनिटांनंतर तो वास बाकी सगळ्यावर बसलेला असेल तर दोषाच्या रकान्यात लिहा.

शंका राहिली तर रिकाम्या ग्लासाची चाचणी करा. संपलेला ग्लास धुऊ नका. त्यावर बशी झाकून वीस मिनिटं ठेवा, मग बशी काढून वास घ्या. अल्कोहोल बहुतेक गेलेलं असतं, काचेला चिकटून राहतात ते जड वास. नीट बनवलेल्या कोवळ्या बर्बनच्या ग्लासात भाजलेला मका, व्हॅनिला, किंचित कोळसा असा गोड, कोरडा वास सापडतो. वाईट बनवलेल्या बर्बनच्या ग्लासातून ओला पुठ्ठा येतो, कारण आता त्याला झाकायला अल्कोहोल उरलेलं नसतं. ही चाचणी फुकट आहे आणि मला तिने क्वचितच फसवलं आहे.

## ९. लेबल झाकून चाखा

किंमत माहीत असली की जीभ त्याप्रमाणे वागते. त्यामुळे शेवटचा निकाल झाकूनच द्यावा.

तीन सारखे ग्लास घ्या, तळाला चिकटपट्टी लावून खुणा करा. घरातल्या दुसऱ्या कुणालातरी दोन ग्लासांत एक बर्बन आणि तिसऱ्यात दुसरी, अशी ओतायला सांगा. कुठल्या दोन सारख्या ते तुम्हाला सांगू नये. दोन्ही बाटल्यांची तीव्रता वेगळी असेल तर पाणी घालून ती आधी सारखी करून घ्या, नाहीतर तुम्ही फक्त अल्कोहोल ओळखाल.

तुमचं काम एकच, वेगळा ग्लास शोधणं. तो सापडला तर मग कुठली आवडली ते ठरवा. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करूनही सापडत नसेल, तर त्या दोन बाटल्यांमधल्या किमतीचा फरक तुमच्यासाठी तरी नाही. स्वस्त घ्या.

## १०. निकाल किमतीच्या मापाने द्या

शंभरपैकी गुण देऊ नका, ८४ आणि ८६ मध्ये फरक काय ते कुणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी वहीत चार प्रश्नांची उत्तरं लिहा: दोष आहे का? मधल्या भागात काही आहे का? पाण्याचा कुठला बिंदू आवडला? हीच बाटली याच किमतीला पुन्हा घेईन का?

चौथं उत्तर देताना ती कशासाठी हवी तेही ठरवा. 'नीट' प्यायला मधला भाग भरलेली हवी. ओल्ड फॅशन्ड किंवा व्हिस्की सावर या कॉकटेलसाठी ५० टक्क्यांचीच घ्या. साखर, लिंबू आणि बर्फात ४० टक्क्यांची बुडून जाते. सोडा घालून लांब ग्लास करायचा असेल तर साधी जिम बीम पुरते, आणि तिच्यातला शेंगदाणा सोड्यात खुलतो. दोषाच्या रकान्यात गेलेली बाटली कोलामध्ये संपवा किंवा देऊन टाका. 'पैसे दिलेत' म्हणून ती 'नीट' पीत बसू नका.

## ११. बाटली ठेवणं, नेणं-आणणं

बाटली उभीच ठेवा. आडवी ठेवलीत तर कडक दारूने बूच कुजतं. उन्हापासून लांब ठेवा. एक तृतीयांशाच्या खाली गेली की आत हवा जास्त होते आणि चव हळूहळू उतरते, तेव्हा लहान बाटलीत काढा किंवा संपवा. उघडलेली बाटली गाडीतून नेताना डिकीत ठेवा, पुढच्या सीटपाशी उघडी बाटली असणं बहुतेक राज्यांत गुन्हा आहे.

भारतात नेताना माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटी लागत नाही. चेक-इन बॅगेत, न उघडलेली, कपड्यांत नीट गुंडाळून. भारतातही जिम बीमसारख्या बाटल्या वाईन शॉपमध्ये मिळतात, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने बर्बनवरचं एकूण आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० वर आणलं. तरीही किंमत राज्याच्या करांवर बरीच ठरते. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ पूर्ण आणि परवाना लागतो, हे तिकडे घेणाऱ्यांनी विसरू नये.

काकांना किंवा मित्राला भेट म्हणून बॉटल्ड इन बाँड नेत असाल तर देताना तीव्रता आवर्जून सांगा. भारतातली बहुतेक व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते आणि हात त्याच मापाला सरावलेला असतो. ५० टक्क्यांच्या बाटलीतून ६० मिलिऐवजी ५० मिलिच ओतायला सांगा, म्हणजे अल्कोहोल जवळजवळ तेवढंच जाईल, आणि पहिला घोट सोडा न घालता घ्यायला लावा.